पहाटेचा अर्धा तास

हे मनन रात्री झोपण्याआधी वाचा आणि पहाटे त्यातलं आठवेल तेवढंच करा. जे आठवणार नाही, त्याच्यासाठी पुन्हा पान उघडू नका. हे लिहिताना चैत्र डोळ्यांसमोर आहे, पण तुमच्याकडे आषाढ असेल किंवा पौष, तरी काही अडत नाही.

जाग आली की लगेच उठू नका. डोळे मिटलेलेच राहू द्या आणि ऐका. पाण्याची मोटर, दूधवाल्याची मोटारसायकल, वरच्या मजल्यावर ओढलेली खुर्ची, लांबून येणारी काकडआरती किंवा अजान. कुठलाही आवाज नकोसा म्हणून बाजूला सारू नका, कुठल्याही आवाजामागे जाऊही नका. फोन उशाशी असेल तर तिथंच असू द्या. तो हातात घेतला की दिवसाचा पहिला विचार दुसऱ्या कुणाचा तरी होतो आणि मग त्याला उत्तर देण्यात आपली सकाळ जाते. लिहिणाऱ्याला, चित्र काढणाऱ्याला, गाणाऱ्याला आणि खरं तर कुणालाही, रोज काही मिनिटं अशी हवीत की ज्यांत त्याच्याकडे कुणी काही मागत नाही. ती मिनिटं उठण्याआधीच सुरू होतात.

आता उठा. चूळ भरा, तोंडावर पाणी मारा. घड्याळाकडे बघू नका, खिडकीकडे बघा.

आपलं घड्याळ आपल्या गावाचं नसतं, हे एकदा नीट मनात घ्या. भारताची प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशावरची आहे, ती रेघ मिर्झापूरजवळून जाते. आपण तिच्या पश्चिमेला, म्हणून सूर्य आपल्याकडे उशिरा पोचतो. नागपूरला तो घड्याळाच्या सुमारे 14 मिनिटं मागे असतो, पुण्याला सुमारे 35, मुंबईला सुमारे 38. म्हणजे ‘मी सहाला उठतो’ या वाक्याचा अर्थ नागपुरात वेगळा आणि मुंबईत वेगळा. पुण्यात जूनच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास सूर्य वर आलेला असतो आणि जानेवारीच्या मध्यावर सात वाजून गेले तरी यायचा असतो. तेव्हा वेळ ठरवू नका, उजेड ठरवा. पूर्वेकडे आभाळाची कड फिकट झाली की बाहेर पडायचं, एवढंच ठरवा. सूर्य क्षितिजाखाली सहा अंशांवर असतो, तिथपासून तो उगवेपर्यंत आपल्या अक्षांशावर साधारण 22 ते 24 मिनिटं मिळतात. त्याच्या थोडं आधी बाहेर आलात तर अर्धा तास होतो. पहाटेचा हा भाग इतकाच असतो, तो लांबवता येत नाही.

बाहेर या. टेकडी असेल तर टेकडीवर, नाहीतर अंगणात, गच्चीवर, सोसायटीच्या कुंपणाशी, गॅलरीत. चप्पल काढता आली तर काढा. अंगाला हवा लागू द्या आणि ती कुठल्या बाजूनं येते आहे ते ओळखा. घाई नाही.

जवळपास जास्वंद असेल तर तिच्यापाशी थांबा. लाल जास्वंद. अजून पुरतं उजाडलेलं नाही, तोवर तिचं फूल काळं दिसेल आणि पानं त्याहून उजळ. अंधूक उजेडात आपल्या डोळ्यांतल्या ज्या पेशी काम करतात त्यांना लाल रंग जवळजवळ दिसतच नाही, हिरव्या-निळ्याला मात्र त्या संवेदनशील असतात. उजेड वाढेल तशा दुसऱ्या पेशी काम हाती घेतात आणि काळ्या फुलातून लाल रंग हळूहळू वर येतो. तो नेमका कधी आला, ते पकडण्याचा प्रयत्न करा. बहुतेक वेळा पकडता येत नाही. एका क्षणी काळं असतं आणि आपलं लक्ष क्षणभर पानांवर जाऊन परत येतं तो ते लाल झालेलं असतं. हे एवढं नीट बघितलेला माणूस त्या दिवशी रंगाबद्दल सहसा खोटं लिहिणार नाही.

आता डोळे मिटा आणि पुन्हा ऐका, या वेळी पक्षी. चैत्रात अंधार असतानाच पहिला बोलतो तो बहुतेकदा कोतवाल. त्याच्यामागून दयाळ. एरवी कुंपणावर शेपटी उंच करून गुपचूप बसणारा हा काळा-पांढरा पक्षी विणीच्या दिवसांत पहाटे उंच शेंड्यावर जाऊन लांबलचक, दर वेळी थोडं बदललेलं गाणं म्हणतो. मग कोकीळ. गातो तो नर, मादीचा आवाज किरटा आणि तुटक. त्यानंतर बुलबुल, साळुंक्या, चिमण्या, आणि रातथाऱ्यावरून ओरडत निघालेले पोपट. तांबटाची टुकटुक उन्हाबरोबर रंगते आणि दिवसभर चालते. पक्षी-अभ्यासक या पहाटगाण्याची कारणं सांगतात: किडा-मुंगी दिसण्याइतका उजेड नसतो, म्हणून पोटामागे जाता येत नाही, हवा स्थिर असते, म्हणून आवाज लांब जातो, आणि रात्र काढून आपण आपल्या जागेवर शाबूत आहोत, हे शेजाऱ्यांना कळवायचं असतं. मला यातलं पहिलं कारण फार आवडतं. दुसरं काही करता येण्यासारखं नाही, अशा वेळात गाणं होतं.

सगळ्यांची नावं यायला हवीत असं नाही. एका आवाजावर थांबा. तो संपला की शांतता किती लांब आहे ते ऐका. पुन्हा तोच आवाज येईल. पहिल्यासारखाच होता का?

डोळे उघडा. आता एक झाड निवडा आणि वर्षभर हेच राहील असं ठरवून टाका. सुंदर झाड शोधत बसू नका. वाटेवर असेल ते. पिंपळ असेल तर भाग्य, कारण चैत्रात त्याच्याकडे बघायला अर्धा तास पुरत नाही. नवी पानं हिरवी येत नाहीत, तांबूस-गुलाबी येतात, मऊ आणि चमकदार. हा रंग कोवळ्या पानाला उन्हापासून सांभाळतो. पान जून होत जातं तसा तो उतरत जातो. एकाच फांदीवर तांबूस, पोपटी आणि गर्द अशी तीन वयाची पानं सापडतात. त्यातलं एक पान ओळखीचं करून ठेवा. देठ लांब असल्यामुळे वारा नाही असं वाटतं तेव्हाही ते हलतं. उद्या तेच पान शोधा, परवाही. चार-पाच दिवसांत कंटाळा येईल. तो येऊ द्या, कारण त्याच्या पलीकडे गेल्यावरच फरक दिसू लागतो. पहिल्या दिवशी आपण पिंपळ बघत नसतो, पिंपळाबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे ते बघत असतो.

दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ 1956 साली आलं, ते अशाच बघण्यातून. लोकसाहित्याच्या आणि समाजशास्त्राच्या या अभ्यासक बाईंचं आयुष्य मुख्यतः मुंबईत आणि ग्रंथालयांत गेलं. तरीही चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा महिन्यांचं असं पुस्तक मराठीत दुसरं नाही, असं माझं ठाम मत आहे. त्याचं बळ वर्णनाच्या देखणेपणात नाही. महिना बदलला की झाडाची साल, शेंग, पानाचा देठ, आभाळाची छटा यांत नेमकं काय बदललं, हे त्यांनी बघून ठेवलेलं आहे. लालित्य त्या बघण्यातून येतं. मराठीत निसर्गावर ललित लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांतलं बरंचसं लेखन मला वाचवत नाही, कारण त्यात पहाट असते पण कुठल्याच एका महिन्याची नसते.

चला, आता चाला. रोजचीच वाट घ्या. पुण्यात वेताळ टेकडीवर, हनुमान टेकडीवर, पर्वतीवर या वेळी माणसं निघालेली असतात, आणि तुमच्या गावातही नदीकाठ किंवा माळ असेलच. सोबत असेल तर बोलू नका, तसं आधीच सांगून ठेवा. पावलं मोजू नका, वेग बघू नका. एखादं अडलेलं काम असेल, सुचत नसलेली ओळ, जमत नसलेली चाल, तर वाट सुरू होताना ते एकदा मनात आणा आणि मग सोडून द्या.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मेरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी 2014 मध्ये चालणं आणि सुचणं यांच्या नात्यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. एखाद्या रोजच्या वस्तूचे निराळे उपयोग सुचवा, असं बसलेल्यांना सांगितलं आणि चालणाऱ्यांनाही. चालणाऱ्यांना अधिक कल्पना सुचल्या, अगदी कोऱ्या भिंतीसमोर ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही, आणि चालून येऊन बसल्यावरही तो परिणाम काही काळ टिकला. मात्र ज्या प्रश्नाचं एकच नेमकं उत्तर असतं, तिथं चालण्याचा फायदा दिसला नाही. म्हणून चालताना लिहिण्याचा शेवट ठरवू नका, त्याला फाटे फुटू द्या. निवड करायला दिवस आहे.

उन्हाची तिरीप अंगावर आली की थांबा आणि चेहरा तिच्याकडे करा, डोळे मिटून. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्यांचा आकृत्या बघण्याशी फारसा संबंध नाही. किती उजेड आहे ते त्या मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. घरातल्या दिव्यांचा उजेड शे-दोनशे, फार तर पाचशे लक्स. बाहेर ढगाळ दिवशीही तो हजारांत जातो. ही वर्दी घरात बसून नीट मिळत नाही.

परत या. चहाच्या आधी वहीत एकच वाक्य लिहा. जे बघितलं ते, उपमा न देता. ‘पिंपळाचं खालच्या फांदीवरचं पान आज निम्मं पोपटी झालंय.’ तिथी लिहा, तारीख लिहा. सुचलेलं काही असेल तर ते त्याच्याखाली. बहुतेक दिवस काही सुचलेलं नसेल. ते वाक्य मात्र चुकवू नका.

इथपर्यंत सगळं सोपं आहे. आता एक गोष्ट मनात धरून शांत बसा आणि तिला वेळ द्या.

पहाटेच्या वेळी आपल्या भाषेत सर्वांत जास्त कविता कुणी रचली असेल? टेकडीवर फिरायला गेलेल्यांनी नाही. ती जात्यावर झाली. त्या दिवसाच्या भाकरीचं पीठ उजाडायच्या आत व्हायला हवं, म्हणून बाया कोंबड्याच्या आधी उठल्या. एक किंवा दोघी समोरासमोर, हात खुंट्यावर, मधूनच वैरण घालायची आणि जात्याच्या फिरण्यावर ओवी. पहिली देवाची, मग भावाची, माहेराची, लेकीची, सीतेच्या वनवासाची, पंढरीची, आणि पुढे बाबासाहेबांचीही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव जाऊन अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या सगळ्या टिकल्या कारण कुणीतरी जाऊन ऐकल्या. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरकाम आणि शेतीकाम करता करता त्या गात राहिल्या, मुलानं, सोपानदेवांनी, आणि पितांबर चौधरींनी ती गाणी टिपून ठेवली, आणि 1951 मध्ये त्या गेल्यानंतर, 1952 साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं.

या बायांना कुणी अर्धा तास दिलेला नव्हता. हात बांधलेले होते, डोक्यावर मात्र त्या वेळी कुणाची सत्ता नव्हती, कारण घर झोपलेलं होतं. त्यांच्या ओव्यांमध्ये जे निरीक्षण आहे, ज्या नेमकेपणानं भावाच्या बैलजोडीचा रंग येतो किंवा सासरच्या उंबऱ्याची उंची येते, ते त्या मोकळेपणातून आलेलं आहे. म्हणून ज्यांना सकाळी डबे, नळाचं पाणी आणि मुलांची शाळा यांतून बाहेर पडता येत नाही, त्यांनी हे मनन आपल्यासाठी नाही असं समजू नये. कणीक मळताना खिडकीतून एक फांदी दिसत असेल तर ती तुमची. तिच्याबद्दलचं वाक्य दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहिलं तरी चालेल.

पण कष्टांतून कविता झाली म्हणून कष्टांचा गौरव करत बसणं मला मान्य नाही. किती ओव्या कुणी टिपून घेतल्या नाहीत, किती जणींना पाच मिनिटंही मिळाली नाहीत, याचा हिशोब कुठेच नाही. थोर लेखकांच्या सकाळच्या दिनचर्या आपण आवडीनं वाचतो. त्यांत लेखक अमुक वाजता उठतो, तमुक वेळ चालतो, येऊन चहा घेतो. तो चहा टाकला कुणी, हे त्यात सहसा नसतं. आपल्याही टेकड्यांवर पहाटे चालणाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या घरी तेव्हा ओट्यावरचा गॅस पेटलेला असतो, आणि ओट्यापाशी उभ्या माणसाला आज कोतवाल बोलला की नाही हे ठाऊक नसतं.

म्हणून उद्या बाहेर पडण्याआधी घरात विचारा, तुमच्या घरी सकाळी कधीच बाहेर न पडणारं माणूस कोण आहे. आई असेल, बायको असेल, सून असेल, स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी असतील. आठवड्यातले निदान तीन दिवस ती पहाट त्यांची करा. डबे तुम्ही भरा, दूध तुम्ही तापवा, मावशींना त्या दिवशी उशिरा यायला सांगा आणि पगार कापू नका. त्यांनी बाहेर जाऊन काय करायचं ते त्यांचं त्यांना ठरवू द्या, आणि परत आल्यावर काय सुचलं म्हणून विचारू नका.