माणसाची अदलाबदल

२९ जुलै २०१५ च्या रात्री न्यूयॉर्कच्या सिटी फील्डवर सामना ऐन रंगात असताना मेट्स या बेसबॉल संघाचा शॉर्टस्टॉप विल्मर फ्लोरेस भर मैदानात डोळे पुसत होता. त्याला मिलवॉकीच्या संघाकडे धाडल्याची बातमी प्रेक्षकांच्या फोनवर येऊन थडकली होती आणि ती त्याला कळली स्टँडमधल्या कुजबुजीतून. व्हेनेझुएलाच्या या पोराला मेट्सने सोळाव्या वर्षी करारबद्ध केलं होतं. पुढे सौदा फिसकटला आणि दोनच दिवसांनी त्याने होमरन मारून मेट्सना सामना जिंकून दिला. पण त्या रात्रीचा प्रश्न तसाच राहतो: माणसाला असं देता-घेता येतं का?

बेसबॉलचा संघ तीन वाटांनी उभा राहतो. कोवळी पोरं हेरून घडवायची, दुसऱ्या संघाशी खेळाडूंची अदलाबदल करायची, नाहीतर करारातून मोकळ्या झालेल्या खेळाडूला पैसे मोजून आणायचं. २०१६ च्या जुलैमध्ये शिकागो कब्जनी अरोल्डिस चॅपमनसाठी न्यूयॉर्क यांकीजना इतर तिघांसोबत १९ वर्षांचा ग्लेबर टोरेस दिला. १०८ वर्षांनी कब्ज जगज्जेते झाले, आणि डिसेंबरात मोकळा झालेला चॅपमन स्वतःहून पुन्हा यांकीजकडे गेला. एकाच वर्षात तो एकदा पाठवला गेला आणि एकदा आपल्या पायांनी गेला. दोन्ही वेळा त्याची किंमत ठरलीच होती. फरक पडला तो त्याच्या होकाराने.

तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटने १७८५ मध्ये मांडलं की वस्तूला किंमत असते, माणसाला प्रतिष्ठा. याचा आधार घेऊन खेळाचा सगळा बाजारच अनैतिक ठरवणारे घाई करतात. माणसाने माणसाचा उपयोग करून घेण्याला कांटची हरकत नव्हती. त्याला निव्वळ साधन मानण्याला होती.

कर्ट फ्लडला हे कोणी शिकवायची गरज पडली नाही. सेंट लुईस कार्डिनल्सचा हा सेंटर फील्डर १२ हंगाम तिथे खेळला, सलग सात गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार मिळवले. ऑक्टोबर १९६९ मध्ये त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. तेव्हाच्या नियमाने करार संपला तरी खेळाडू संघाच्याच ताब्यात राहायचा. फ्लडने डिसेंबरात बेसबॉलचे आयुक्त बोवी कुन यांना पत्र लिहून कळवलं की आपण विकायची मालमत्ता नाही. त्याचा पगार होता वर्षाला ९०,००० डॉलर. एवढं मिळत असताना तक्रार कसली, असं त्याला विचारलं गेलं; जणू पगार वाढला की माणसाची मर्जी आपोआप विकत मिळते. मग फ्लडने खटला भरला. त्यात निवृत्त खेळाडू जॅकी रॉबिन्सनने त्याच्या बाजूने साक्ष दिली, पण त्या काळी खेळत असलेला एकही खेळाडू कोर्टात येऊन बसला नाही. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात फ्लड ५ विरुद्ध ३ मतांनी हरला. त्याची कारकीर्द त्याआधीच संपली होती.

तरी दार किलकिलं झालं होतं. १९७५ अखेरीस लवादाने जुना नियम मोडीत काढला आणि सहा वर्षांच्या सेवेनंतर मोकळं होण्याचा हक्क आला. दहा वर्षं लीगमध्ये आणि त्यांतली शेवटची पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूला अदलाबदल नाकारता येते.

दहा वर्षं फार झाली. बहुतेकांची कारकीर्द एवढी टिकतच नाही. नकाराचा अधिकार पहिल्या करारापासूनच हवा.