उसनी कुऱ्हाड

(मननासाठी शास्त्रभाग: राजांचे दुसरे पुस्तक, अध्याय ६, वचने १ ते ७)



अलीशा संदेष्ट्याचे शिष्य अद्यापि शिकत होते. त्यांची खरी सेवा पुढेच होती. राहण्याची जागा अपुरी पडू लागली, तेव्हा यार्देनेकडे जाऊन प्रत्येकाने एकेक तुळई आणावी व घर बांधावे, असे त्यांनी ठरविले व गुरूची अनुज्ञा मागितली. शिक्षण व सेवा ह्यांच्या मधल्या काळात त्यांनी प्रवास केला आणि हाती कुऱ्हाड धरिली.

आजही असे तरुण आहेत. अमेरिकेत २००३ सालापासून काही तरुण-तरुणी नोकरीस लागण्यापूर्वी एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत सायकलींवर जाऊ लागले, व वाटेतील गावी थांबून गरिबांच्या घरांच्या बांधकामास हात लावू लागले. हे ऐकून आपल्या मंडळीतील एखादा मुलगा म्हणेल, “मीही जातो.” त्याचा बाप म्हणेल, “वर्ष फुकट जाईल.” दोघांचेही म्हणणे आपण शास्त्रापुढे ठेवू.

प्रथम, लांब जाणे हे स्वतः पुण्य नव्हे. रेव्ह. नारायण शेषाद्री ह्यांनी १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे ते जालन्यास आले, मातंग व महार बांधवांमध्ये राहिले, आणि निजाम सरकारकडून जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल गाव वसविले. १८७३ साली न्यूयॉर्क येथील ख्रिस्ती परिषदेत ते बोलले. इतका दूरचा प्रवास त्या काळी किती जणांनी केला असेल? तथापि आपल्या जिल्ह्यात त्यांचे नाव राहिले ते आगबोटीमुळे नव्हे, तर बेथेलमुळे. पाय कोठवर गेले हे लोक विसरतात. कोणाच्या डोक्यावर छप्पर आले हे विसरत नाहीत.

दुसरे, ज्याच्यासाठी बांधावयाचे त्याचे मन आधी विचारावे. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, स्वित्झर्लंडचे पिएर सेरेसोल काही सोबत्यांसह फ्रान्समधील व्हर्दनजवळच्या उद्ध्वस्त एन गावी घरे उभारण्यास गेले. सोबत्यांत जर्मनही होते. हेतू निर्मळ होता, पण युद्धाची जखम ओली होती. विरोध झाला व काही महिन्यांत त्यांना परतावे लागले. त्यांनी सेवा सोडिली नाही. १९३४ च्या जानेवारीत बिहारात मोठा भूकंप झाला, तेव्हा तेच सेरेसोल समुद्र ओलांडून आले आणि तेथील लोकांच्या बरोबरीने घरे बांधू लागले. जो नाकारला गेल्यावर रुसत नाही, तोच दुसऱ्यांदा उपयोगी पडतो.

तिसरे, कुऱ्हाड उसनी आहे हे विसरू नये. लाकूड तोडताना एका शिष्याच्या कुऱ्हाडीचे पाते पाण्यात पडले. तो घाबरला, कारण ते मागून आणिलेले होते. बंधूंनो, घर बांधण्यास निघालेल्या तरुणाजवळ स्वतःचे काय असते? भाकरी आईची, वेळ बापाच्या श्रमातून आलेला, विश्वास घरमालकाचा. कोणी म्हणेल, प्रवासखर्चात गवंड्याची मजुरी निघाली असती. आक्षेप खरा आहे. यास्तव गवंड्याचे काम हिरावू नये. पाणी आणावे, विटा वाहाव्या, माल कालवावा, आणि शिकावे.

आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीनंतर कितीएक कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस जातात. कोप्यांत सहा महिने काढून परततात, तो गावी पावसाने खचलेली भिंत त्यांची वाट पाहत असते. घरकुलाचे पैसे हप्त्याहप्त्याने येतात. बांधकाम जोत्यापर्यंत येऊन थांबते. त्यांचाही प्रवास लांबचा आहे, पण तो त्यांनी निवडलेला नाही. ज्यास निवडीची मोकळीक आहे त्याने परीक्षा आटोपल्यावर एक महिना अशा दारी द्यावा. मंठ्याच्या मुलाने अंबडास जावे, अंबडच्या मुलाने मंठ्यास जावे. परक्या गावी राहिल्याने आपल्या जातीपातीच्या भिंतीही दिसू लागतात.

परंतु ज्याच्या बापावर उचल फिटावयाची आहे, त्या मुलाने आपली पहिली तुळई आपल्याच घरी लावावी. त्यात कमीपणा नाही. आपला प्रभूही सुमारे तीस वर्षांचा होईपर्यंत नासरेथास सुताराच्या घरी राहिला, व त्यास लोक सुतार म्हणूनच ओळखीत.

शिष्यांनी अलीशास बरोबर येण्याची विनंती केली आणि तो गेला. म्हणूनच बुडालेले पाते वर आले. आईबापांनो, मुलास अडवू नका, पण एकटे सोडूही नका. पाळकांनी व कॅटेकिस्टांनी एक दिवस तरी त्याच्याबरोबर विटा वाहाव्या. आणि तरुणांनो, परत याल तेव्हा किती गावे पाहिली हे सांगू नका. कोणाची कुऱ्हाड उसनी घेतली होती व ती परत केली की नाही, एवढे सांगा.

ह्याकामी प्रभू आपणांस साहाय्य करो. आमेन.