प्रतिकृतीचा खरेपणा

शिवाजी पार्कच्या कट्ट्यालगत सकाळची फेरी मारीत असता एके दिवशी आम्हांला मोठा घोळका दिसला. मध्यभागी एक तीनचाकी लष्करी मोटारसायकल उभी होती. मातकट तपकिरी रंग, कॅनव्हासच्या पिशव्या, बाजूला जोडलेली साइडकार आणि तिच्या पुढच्या टोकाला बंदूक बसविण्यासाठी केलेली लोखंडी खुंटी. आमच्या परिचयाच्या एका तरुण मेकॅनिकने दोन वर्षांच्या सुट्ट्या खर्ची घालून ती तयार केली होती. इंजिन व सांगाडा जुन्या बुलेटचा. रूप मात्र दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश फौजेच्या 'नॉर्टन बिग फोर'चे. आम्हांला पाहताच तो म्हणाला, "फादर, दोन गोष्टी राहिल्यात. टाकीवर १९४० साल रंगवायचं आणि या खुंटीवर लाकडी ब्रेनगन बसवायची. मग कोणी ओळखणार नाही!"

त्याचे शेवटचे वाक्य आमच्या मनात घोळत राहिले. हुबेहूब नक्कल करणे म्हणजे खोटे बोलणे काय?

हा छंद जगभर आहे. १९६३ च्या 'द ग्रेट एस्केप' या चित्रपटात जर्मन सैन्याची म्हणून धावणारी मोटारसायकल वस्तुतः ब्रिटिश बनावटीची ट्रायम्फ होती. जर्मन बीएमडब्ल्यूच्या नमुन्यावरून सोव्हिएत रशियाने १९४१ पासून एम-७२ बनविली व तीच जर्मनांविरुद्ध वापरली. आज तिच्या वंशातील उराल गाड्यांना काही शौकीन जर्मन वेष चढवितात! आपल्याकडे रॉयल एनफिल्डने, महायुद्धात हवाई छत्रीने खाली सोडल्या जाणाऱ्या 'फ्लाइंग फ्ली'च्या स्मरणार्थ, २०१८ साली 'पेगॅसस' काढली. भारताच्या वाट्याच्या २५० गाड्या तीन मिनिटांच्या आत संपल्या. येथे ती तपकिरी रंगातच मिळाली. कारण १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठीच राखून ठेवलेला आहे. वेषावर लोक विश्वास ठेवतात, हे कायद्यानेही जाणले आहे.

तरीही नक्कल मुळातच असत्य, असे आम्ही म्हणणार नाही. याच मैदानाच्या कडेला १९६६ साली उभारलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. आपण प्रतिमा आहोत हे तो लपवीत नाही, म्हणूनच आपण निःशंकपणे त्याच्यापुढे मस्तक नमवितो. प्रतिकृती आपले जन्मसाल लपविते तेव्हा असत्याचा आरंभ होतो. आज गंमत म्हणून रंगविलेले '१९४०' उद्या गाडी चार हात फिरल्यावर कोणा भाबड्या गिऱ्हाइकाची फसवणूक करील. फसविण्याचा हेतू नसला, तरी फसवणुकीचे साधन आपण घडविले, याची जबाबदारी उरतेच.

बंदुकीचा प्रश्न अधिक कठीण. बिग फोरच्या साइडकारचे चाकही इंजिनच्या शक्तीने फिरे. चिखलातून सैनिक व बंदूक पुढे नेता यावी, हाच त्या कौशल्याचा हेतू. त्या आसनावर बसणारा कोणा मातेचा पुत्र होता, आणि त्याच्या नेमाच्या टप्प्यातलाही. त्या युद्धात सुमारे २५ लाख भारतीय सैन्यात होते. आपली मुंबईही अलिप्त राहिली नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळ्याने भरलेल्या 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला आणि शेकडो माणसे मेली. पोलाद, कातडे, रंग यांची नक्कल साधते; त्या दुःखाची साधत नाही. मग युद्धातले देखणे तेवढेच आपल्या हाती राहते, आणि पुढच्या पिढीला युद्ध म्हणजे एक रुबाबदार सहल वाटू लागते.

पण म्हणून असल्या वस्तू घडवूच नयेत काय? तसेही नाही. हत्यार ओळखणारे, धीराने काम करणारे हात दुर्मीळ होत आहेत. शिवाय यंत्राला दुसरा जन्म मिळू शकतो. 'शोले'मधील (१९७५) दोन मित्रांची साइडकार जोडलेली बीएसए मूळची लष्करी जातीची. पण साऱ्या देशाने ती मैत्रीची गाडी म्हणून लक्षात ठेवली. आणि बजाज-लॅम्ब्रेटाच्या साइडकारमध्ये पत्नी-मुलांना बसवून निघालेली कुटुंबे आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवतच असतील.

आम्ही त्या तरुणाला एवढेच म्हणालो, "बाळा, टाकीवर तुझे साल घाल. तुझ्या कष्टांना उसन्या वयाची गरज नाही. आणि खुंटी रिकामीच ठेव." तो नाराज झाला. "मग गाडी अपुरी वाटेल, फादर."

पुढे एकदा भेटला तेव्हा टाकीवर खरे साल होते. खुंटीबाबत त्याचे अजून ठरले नव्हते. तेवढ्यात साइडकारमध्ये चढलेल्या एका लहान मुलाने ती खुंटी धरून विचारले, "इथे काय असतं?" तरुणाने आमच्याकडे पाहिले; आम्ही त्याच्याकडे. मग तो उकिडवा बसला आणि त्या मुलाला सांगू लागला.