कावळा, फांदी आणि फडकं

कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, की आपण फांदीकडे बघतच नाही. फांदी किडकी होती का, रात्री वारा सुटला होता का, हे विचारायला वेळ कोणाला आहे? कावळा समोर असतो आणि शिवाय काळा असतो! अशा योगायोगाला संस्कृत पंडितांनी 'काकतालीय न्याय' असं भारदस्त नाव देऊन ठेवलं आहे. पण त्या न्यायाने कावळ्याला शिक्षा करायची प्रथा मात्र आपली, घरगुती.

ती पाहायची असेल तर घरी जुळवलेला एक कॉम्प्युटर बाळगावा. आमचा भाच्याने जुळवला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणले आणि रत्नागिरीत आमच्या माडीवरच्या खोलीत त्याची प्राणप्रतिष्ठा केली. जेष्ठ-आषाढ नीट गेले. श्रावणात मात्र पडदा एकदम निळा व्हायचा, इंग्रजीतून दिलगिरी व्यक्त करायचा आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू! कधी दिवसातून तीनदा, कधी चार-चार दिवस तक्रार नाही. भाचा समोर बसला की तर अगदी शहाण्यासारखा. डॉक्टर दारात आले की पोराचा ताप उतरतो ना, तसा.

मग संशयितांची यादी तयार झाली. शेजारच्या अण्णांचा संशय भाच्यावर, आमच्या हिचा विजेच्या कमी-जास्त दाबावर. एवढ्यात कोणाला तरी आठवलं, की पहिल्यांदा बिघडला त्या दिवशी कामाच्या मावशींनी त्या खोलीत ओलं फडकं फिरवलं होतं. झालं! पुढे गौरी-गणपतीला मावशी चार दिवस गावी गेल्या आणि त्या चार दिवसांत कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही. "बघा!" अण्णा म्हणाले. त्या चार दिवसांत तो कोणी सुरूच केला नव्हता, ही बाब पुराव्यात आली नाही.

भाचा वाद घालत बसला नाही. "मामा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची," एवढंच म्हणाला. सतराव्या शतकात अन्नंभट्टाने 'तर्कसंग्रहा'त हेच सांगितलंय हे त्याच्या गावीही नव्हतं. जिथे धूर तिथे अग्नी, जसा स्वयंपाकघरात, हा अन्वय. जिथे अग्नी नाही तिथे धूरही नाही, जसा डोहात, हा व्यतिरेक. दोन्ही जुळले तरच बोलायचं. कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या स्मरणशक्तीच्या, म्हणजे रॅमच्या, दोन पट्ट्या होत्या. एकट्या पहिल्या पट्टीवर आठवडा शांततेत गेला. एकट्या दुसरीवर दुपारीच पडदा निळा. तीच पट्टी दुसऱ्या खाचेत बसवली, तरी निळा. मग नवी घेण्याआधी भाच्याने शाळकरी खोडरबराने तिची सोनेरी टोकं घासली. मांडवीवरून येणाऱ्या खाऱ्या, दमट वाऱ्याने त्यांच्यावर पुटं चढली असावीत. दसरा गेला, दिवाळी गेली, पडदा पुन्हा निळा झालेला नाही. म्हणजे पुसल्यामुळे बिघडलं नव्हतंच. पुसायचं राहिलं होतं!

२००३ साली बेल्जियममध्ये, ब्रसेल्सजवळच्या स्कारबेकमध्ये, मतमोजणीच्या यंत्राने एका उमेदवाराला ४०९६ मतं जास्त दिली. बरोबर ४०९६, म्हणजे दोनाचा बारावा घात. यंत्राच्या स्मरणातलं एकच शून्य उलटून एक झालं की एवढाच फरक पडतो. तज्ज्ञांनी पुष्कळ शोधलं, चूक सापडेना. शेवटी म्हणाले, अंतराळातून आलेल्या एखाद्या किरणाचं हे काम असणं शक्य आहे. नुसतं 'शक्य आहे'. आकाशावर आरोप करतानाही माणसं इतकी जपून बोलली! अण्णा असते तर तिथल्या तिथे शनीला धरून मोकळे झाले असते.

गंमत अशी, की पट्टी काढून ठेवली, पुन्हा लावली, तरी तिला काही वाटत नाही. माणसाला 'काढून बघू' म्हटलं, की ती तपासणीच शिक्षा होते. मग माणसाच्या बाबतीत पुरावा जास्त नको का लागायला? आपण पट्टीला आठवडा देतो आणि माणसाला एक वाक्य.

मावशींना तसं तोंडावर कोणी बोललं नव्हतं हो. "माडीवरचं राहू दे," एवढंच त्यांना सांगितलं गेलं होतं. निकाल लागल्यावर मी म्हटलं, "मावशी, माडीवरची खोलीही पुसा हो आता."

त्यांनी फडकं पिळलं आणि म्हणाल्या, "नको भाऊ. उद्या पुन्हा काय बिघडलं तर?"