नाताळबाबा आणि ख्रिस्तश्रद्धा

डिसेंबर महिना अर्धा सरला की हिंदुस्थानातील कोणत्याही मोठ्या शहरात लाल टोपी आणि पांढरी दाढी दिसू लागते. दिल्लीत तर चौकातील तांबडा दिवा लागून वाहने थांबली की थंडीने काकडणारी पोरे तसल्या टोप्या विकावयास धावतात. ज्यांच्या घरी बायबलचे पुस्तक कधी उघडले गेले नाही त्यांच्याही मुलांना सांताक्लॉज ठाऊक असतो. आणि उत्तरेकडे ज्यास ‘बडा दिन’ म्हणतात तो दिवस नेमका कशामुळे बडा झाला, हे मात्र त्यांतील पुष्कळांना सांगता येत नाही. सरकारी सुट्ट्यांच्या परिपत्रकात अद्याप या म्हाताऱ्यास जागा मिळालेली नाही, एवढेच काय ते समाधान.

अशा वेळी ख्रिस्ती गृहस्थाने काय करावे? ज्या कथेचा शुभवर्तमानाशी संबंध नाही ती आपल्या मुलांस सांगावी की सांगू नये? प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या तोंडाने आपण मुलास ‘देव आहे’ असे सांगतो त्याच तोंडाने ‘रात्री नाताळबाबा येऊन गेला’ असेही सांगतो, आणि मूल दोन्ही गोष्टी सारख्याच भरवशाने पदरात घेते, हे लक्षात आले म्हणजे तो क्षुल्लक राहत नाही.

या प्रश्नाचा निकाल अग्नीने लावण्याचा एक प्रयत्न फ्रान्समध्ये झाला. दिजों या शहरी २३ डिसेंबर १९५१ रोजी दुपारी नाताळबाबाचा पुतळा प्रार्थनामंदिराच्या लोखंडी कठड्यास फाशी देऊन टांगला गेला आणि मग मंदिरापुढील अंगणात शेकडो मुलांच्या देखत जाळला गेला. धर्मगुरूंची या कृत्यास संमती होती. आरोप असा की, या म्हाताऱ्याने ख्रिस्तजन्माच्या सणात घुसून घरधन्यासच बाहेर काढले. गंमत अशी की, त्या शहराचे महापौर फेलिक्स कीर हे स्वतः धर्मगुरूच होते. आणि दुसऱ्याच दिवशी सायंकाळी नगरभवनाच्या छपरावर नाताळबाबा पुन्हा सुखरूप प्रकट झाला! मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेवी-स्त्रोस यांनी पुढल्या वर्षी या प्रकरणावर एक निबंध लिहिला. त्यांचा मार्मिक निष्कर्ष असा की, ज्या प्राचीन विधीचा नायनाट करावयास हे लोक निघाले होते, तोच त्यांनी पुतळा जाळून पुरा करून दाखविला. आम्हांस यात नवल वाटत नाही. मुंबईत वांद्र्यास आणि गोव्यात वर्षाखेरीच्या रात्री ख्रिस्ती वस्त्यांतील मुले ‘म्हाताऱ्या’चा पुतळा जाळतात, त्यात सरत्या वर्षास निरोप असतो, द्वेष नसतो, आणि त्याचा जाब कोणताही धर्मगुरू आजवर विचारीत बसलेला आमच्या ऐकिवात नाही.

दिजोंकरांच्या पूर्वीही कठोर लोक होऊन गेले. इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४७ साली नाताळचा सणच रद्द केला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ साली असा कायदा झाला की, जो कोणी हा दिवस सण म्हणून पाळील त्यास पाच शिलिंग दंड; तो १६८१ पर्यंत टिकला. या प्युरिटन मंडळींचा युक्तिवाद निर्बुद्ध नव्हता. ख्रिस्ताचा जन्म कोणत्या तिथीस झाला हे शुभवर्तमानांत कोठेही सांगितलेले नाही. रोम येथे २५ डिसेंबर हा दिवस पाळला जात असल्याचा जुना पुरावा मिळतो तो ३३६ सालचा. त्यापूर्वी २७४ साली सम्राट ऑरेलियन याने त्याच नगरीत ‘अजिंक्य सूर्या’चे मंदिर उभारले होते, आणि तिथी त्या सूर्योत्सवातून आली की स्वतंत्रपणे ठरली, याविषयी विद्वानांत अद्याप एकमत नाही. परंतु आली असली म्हणून काय बिघडले? पोप ग्रेगरी यांनी ६०१ साली इंग्लंडमधील धर्मप्रचारकांसाठी लिहून पाठविले होते की, तेथील लोकांची देवळे पाडू नका, मूर्ती तेवढ्या काढा, वास्तू शुद्ध करून घ्या आणि लोकांच्या मेजवान्याही नव्या सणांस जोडून चालू द्या.

आणि आपण मराठी ख्रिस्ती लोकांनी तर ‘बाहेरून आले ते विटाळले’ असे म्हणावयाची सोयच नाही. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापून निघाले ते ओवीत. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. त्यांनी अभंग आणि कीर्तन ही आपल्या घरची लेणी ख्रिस्तचरणी वाहिली, आणि नगरकडच्या कित्येक मंडळ्यांत आजही टाळ-मृदंगाविना नाताळ सुना वाटतो. ‘नाताळ’ हा शब्दच पाहा, तो पोर्तुगिजांकडून आला आणि आपला झाला. तेव्हा लोकांतून आलेली रीत ख्रिस्ती श्रद्धेच्या विरुद्ध असते, हा आक्षेप आम्ही मुळातच अमान्य करतो. मात्र ओवी आणि अभंग यांनी ख्रिस्ताची कथा सांगितली. नाताळबाबा ती सांगत नाही, तो स्वतःचीच सांगतो. येथे खरा विचार सुरू होतो.

वस्तुतः त्याचे मूळ पूर्णपणे ख्रिस्ती आहे. आजच्या तुर्कस्तानात मोडणाऱ्या मायरा या गावी चौथ्या शतकात निकोलस नावाचे बिशप होते. त्यांच्या अस्थी १०८७ साली इटलीतील बारी येथे नेल्या गेल्या. ६ डिसेंबर हा त्यांचा स्मरणदिन. त्यांच्याविषयीची सर्वांत प्रसिद्ध आख्यायिका अशी : एका दरिद्री बापास तीन मुली होत्या, हुंड्यावाचून त्यांची लग्ने होईनात, आणि त्यांना विकण्याची पाळी आली. निकोलस यांनी रात्रीच्या अंधारात एकेकीसाठी सोन्याची थैली खिडकीतून आत टाकली आणि कोणी पाहण्यापूर्वी ते निघून गेले. हुंड्याचा उल्लेख आला म्हणजे ही कथा आपल्या गल्लीतलीच वाटू लागते! पुढे डचांचा ‘सिंटरक्लास’ अमेरिकेत ‘सांताक्लॉज’ झाला. १८२३ साली ट्रॉय या गावच्या वृत्तपत्रात निनावी छापलेल्या आणि मागाहून क्लेमंट मूर यांच्या नावे रूढ झालेल्या कवितेने त्यास आठ रेनडिअरांची गाडी दिली. टॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने १८६३ पासून त्याचे रूप घडविले. आणि १९३१ पासून एका शीतपेयाच्या जाहिरातींनी ते जगभर पोहोचविले. बिशपांच्या हातचा धर्मदंड कोठे गळाला, कोणास कळले नाही.

पण धर्मदंडापेक्षा मोलाची गोष्ट गळाली आहे. आख्यायिकेतील निकोलस त्या मुली गुणी आहेत की नाहीत हे विचारीत नाहीत. त्या अडचणीत आहेत, एवढेच त्यांना पुरे होते. उलट आजच्या नाताळबाबाजवळ वही असते. कोणते मूल वर्षभर शहाण्यासारखे वागले, कोणी हट्ट केला, याची तीत नोंद. आणि त्याप्रमाणे खेळणे. आमच्या मते ख्रिस्ती श्रद्धेशी खरा विरोध आहे तो येथे, दाढीत किंवा रेनडिअरांत नव्हे. ख्रिस्तजन्माचा सारा अर्थच असा की, दान पात्रता पाहून आलेले नाही. त्यास आपण कृपा म्हणतो. वर्षभराचे वर्तन तपासून बक्षीस देणारा म्हातारा हा कृपेचा नव्हे, जमाखर्चाचा देव आहे. आणि जमाखर्च तरी खरा असावा! श्रीमंताच्या उनाड मुलास सायकल मिळते आणि शिपायाच्या आज्ञाधारक मुलीस रंगीत पेन्सिली. त्या मुलीने वहीवर विश्वास ठेवला तर तिने स्वतःविषयी कोणता निष्कर्ष काढावा? बाबांची मिळकत थोडी आहे हे कळल्याने मुलाचे मन मोडत नाही. आपण वाईट ठरलो, असे वाटल्याने मोडते.

आता असत्याचा प्रश्न. संत ऑगस्टीन यांनी इसवी सन ३९५ च्या सुमारास असत्यावर एक ग्रंथ लिहिला. कोणत्याही हेतूने बोललेले असत्य ते पापच मानतात. त्यांच्याइतका कडक न्यायाधीश या विषयात दुसरा सापडणार नाही. तथापि तेही थट्टेस असत्यातून वगळतात, कारण बोलणाऱ्याच्या स्वरावरूनच त्यास फसवावयाचे नाही हे उघड असते. हा निकष आम्हांस फार उपयोगाचा वाटतो. आपली आई चंद्र दाखवून ‘तो तुझा मामा’ असे म्हणते. चिमणीचे घर मेणाचे आणि कावळ्याचे शेणाचे, असे सांगते. मोठेपणी ‘आईने मला फसविले’ अशी तक्रार घेऊन कोणी आलेला नाही. कारण आईने चांदोबाच्या हस्ताक्षरात पत्र लिहिले नव्हते. कथा ही कथेच्या सुरात सांगितली गेली. मूल तीत रमले आणि ज्या वयात बाहेर यावयाचे त्या वयात आपोआप बाहेर आले. नाताळबाबाच्या बाबतीत मात्र वडील माणसे खोटा पुरावा तयार करतात. ताटलीतील केक अर्धा खाऊन ठेवतात, पत्राचे उत्तर लिहितात, आणि मूल शंका घेऊ लागले की शपथेवर सांगतात. गोष्ट संपून साक्ष सुरू होते ती येथे. श्रद्धा ही शेवटी साक्षीवरच उभी असते. प्रेषितांनीही आपण पाहिले-ऐकले ते सांगितले, एवढाच त्यांचा दावा होता. घरातील साक्षीदार एकदा खोटा ठरला म्हणजे त्याने सांगितलेल्या दुसऱ्या गोष्टीची किंमत उतरते.

लूथर यांच्या अनुयायांनी संतांचे स्तोम कमी व्हावे म्हणून जर्मनीत भेटी आणण्याचे काम निकोलसाकडून काढून बाळ ख्रिस्ताकडे दिले. हेतू चांगला, पण हा उपाय आम्हांस रोगाहून वाईट वाटतो. खेळणी बापाने आणली हे ज्या दिवशी उघडकीस येईल त्या दिवशी लटके ठरणारे नाव कोणाचे, याचा विचार त्यांनी केलेला दिसत नाही. त्यापेक्षा लटकेपणा म्हाताऱ्याच्या माथी असलेलाच बरा.

न्यूयॉर्कच्या ‘सन’ पत्राने २१ सप्टेंबर १८९७ रोजी व्हर्जिनिया नावाच्या आठ वर्षांच्या मुलीच्या प्रश्नास अग्रलेखातून उत्तर दिले. लेखक होते फ्रान्सिस चर्च. जगात प्रेम आणि औदार्य आहे तसा सांताक्लॉजही आहे, असा त्याचा रोख. लेख हृद्य आहे, परंतु मुलीने वस्तुस्थिती विचारली होती आणि तिला भावना मिळाली. अशा उत्तराची सवय लागली की प्रौढपणी तेच माप ख्रिस्तासही लागते : तो ऑगस्टस कैसराच्या काळी बेथलेहेमात जन्मला की नाही हे महत्त्वाचे नव्हे, त्याची ‘भावना’ जिवंत आहे ना, मग झाले. मुलाने नाताळबाबास ख्रिस्ताइतका खरा मानावा याची आम्हांस फारशी भीती वाटत नाही. मोठ्या माणसांनी ख्रिस्तास नाताळबाबाइतकाच खरा मानावे, हे होऊ शकते आणि होतेही. पुतळे जाळून ते थांबत नाही.

म्हणून आमच्या घरी नाताळबाबास मज्जाव नाही. निकोलस बिशपांची गोष्ट सांगितली जाते, टोपीही येते, पण भेटी कोणी आणल्या हे झाकलेले नसते. अडचण आली ती निराळ्याच बाजूने. शेजारी गुप्ताजींच्या घरी मुले रात्री उशाशी मोजे ठेवतात. सण त्यांच्या धर्माचा नाही, त्यांच्या दृष्टीने ती केवळ मौज. आणि आमची कन्या तिच्या सत्यनिष्ठेने त्यांची मौज मोडणार, अशी चिन्हे दिसू लागली. संत पौलांनी रोमकरांस लिहिलेल्या पत्रात, आपल्या ज्ञानामुळे दुसऱ्याच्या मनास ठेच लागत असेल तर ते ज्ञान आपल्यापाशी ठेवावे, असा उपदेश आहे. पण तो खाण्यापिण्याविषयीचा, आणि तोही बंधुजनांपुरता. तो येथे कितपत लागू पडतो, याचा निवाडा आम्ही आमच्या पाळकांकडे मागितला. त्यांनी पुष्कळ विचार करून सांगितले की, तिने आपण होऊन सांगू नये, आणि कोणी विचारल्यास लटके बोलू नये. कन्येने लगेच विचारले, “आणि पिंकीने विचारलं, तुला नाताळबाबानं काय आणलं, तर?” तेव्हा, रंगपेटी बाबांनी आणली आणि स्वेटर नगरच्या आजीने विणून पाठविला, असे सांगावे, असे ठरले आहे.