वळसा कुणी घ्यायचा?

१९५६ साली अ‍ॅमस्टरडॅममधल्या एका कॅफेत होणाऱ्या बायकोसोबत कॉफी पिताना एड्सगर डायक्स्ट्राला वीस मिनिटांत एक युक्ती सुचली, असं त्यानेच नंतर सांगितलंय. प्रत्येक रस्त्याला एक वजन द्यायचं, आणि वजनांची बेरीज सर्वांत कमी येईल तो मार्ग निवडायचा. आज मोबाईलमधले नकाशे याच युक्तीच्या लेकरा-नातवंडांवर चालतात. इंजिनिअरिंगला आम्ही ती पाठ केली, परीक्षेत लिहिली, नोकरीच्या मुलाखतीत परत लिहिली. वजन किलोमीटरचं दिलं तर जवळचा रस्ता मिळतो, मिनिटांचं दिलं तर लवकरचा, टोलचं दिलं तर स्वस्तातला. अल्गोरिदमला कशाचंच काही पडलेलं नसतं. पण वजनं कुणी ठरवायची, हा प्रश्न पेपरात कधी आला नाही.

तो मला मेळघाटात भेटला. मागच्या हिवाळ्यात आम्ही चौघं अकोल्याहून गाडी घेऊन निघालो. अकोट, पोपटखेड, मग अंजनगाव-परतवाडा, घटांगचा घाट, सेमाडोह, हरिसाल, तिथून माघारी चिखलदरा, आणि शेवटी मोर्शीवरून सालबर्डीचे गरम पाण्याचे झरे. नकाशा दर वळणावर सांगत होता की तुम्ही चुकताय. आम्ही मुद्दाम चुकत होतो. भटकायला निघालेल्या माणसासाठी वळसा म्हणजेच सहल. फोटो, चहा, आणखी एक फोटो. त्याच डोंगरात वळसा हा शब्द दुसऱ्या कुणासाठी किती महाग आहे, हे कळायला मात्र अकोटपर्यंतच जावं लागलं.

अकोट म्हटलं की आमच्याकडे जुनी मीटरगेज आठवते. अकोला-खंडवा गाडी वान रोड, धुळघाट करत सातपुडा चढायची. धुळघाटला चढण इतकी की रूळ गोल वळसा घेऊन स्वतःलाच ओलांडून वर जायचे. १ जानेवारी २०१७ पासून ब्रॉडगेज करण्यासाठी ती गाडी बंद झाली आणि वाद सुरू झाला. जुना मार्ग मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या पोटातून जातो. त्याच मार्गावर मोठी, वेगवान गाडी न्यायची, की जंगलाला वळसा घालून हिवरखेड, सोनाळा, जामोदकडून न्यायची? २०२० मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहून बाहेरचा मार्ग घ्या असं सुचवलं. बाहेरून गेलं तर बुलडाणा जिल्ह्यातल्या कितीतरी गावांना रेल्वे मिळते, हा त्यातला जोरदार मुद्दा.

मला स्वतःला बाहेरचा मार्ग बरोबर वाटतो. अंतर वाढेल, पैसे वाढतील, पण तो खर्च लाखो प्रवाशांत आणि एका मोठ्या खात्यात वाटला जाईल. खंडव्याला अर्धा-पाऊण तास उशिरा पोचून कुणाचं काही बुडत नाही. इथवर गणित सोपं आहे. पण धुळघाटच्या आजूबाजूच्या कोरकू गावांचं काय? त्यांना खंडव्याला जायचंच नव्हतं. त्यांना बाजाराला, दवाखान्याला अकोटपर्यंत यायचं होतं. वळशाच्या वजनात त्यांची गाडी शून्य धरली गेली. म्हणजे बरोबर निर्णयातही कुणाचं तरी वजन मोजायचं राहून जातं, आणि ज्याचं राहतं तो बहुधा पत्रं लिहिणारा नसतो.

पोपटखेडकडे गेलं की हे आणखी टोचतं. मेळघाट १९७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, देशातल्या पहिल्या नऊपैकी एक. आतली गावं बाहेर काढणं कोहा, कुंड, बोरीपासून सुरू झालं. पुढे वैराट, चुर्णी, पस्तलाई, मग अकोट बाजूची धारगड, गुल्लरघाट, केलपाणी अशी गावं. २००८ च्या योजनेत कुटुंबामागे दहा लाख रुपये होते, ते पुढे पंधरा लाख झाले. कायद्यात पुनर्वसन ऐच्छिक आहे. हा शब्द मला फार दिवस छळतोय. गावात पक्का रस्ता होणार नाही, वीज येईलच असं नाही, गुरं चारायला हळूहळू मनाई, आणि मग विचारायचं, जायचं का? सॉफ्टवेअरमध्ये आम्ही असली बटणं बनवतो: ‘आत्ता अपडेट करा’ आणि ‘नंतर आठवण करून द्या’. ‘नको’ असं बटणच नसतं. वापरणाऱ्याने स्वखुशीने दाबलं, अशी नोंद मात्र होते.

काहींना बाहेर येऊन बरं वाटलं, हेही खरं. शाळा जवळ, डॉक्टर जवळ. अशी माणसं असताना सगळ्यांच्या वतीने रडणं हा शहरी आगाऊपणा आहे. पण जानेवारी २०१९ मध्ये पुनर्वसित गावांतले कितीतरी लोक परत जंगलात जाऊन बसले, आणि वनखाते-पोलीस आणि गावकरी यांच्यात झटापट होऊन माणसं जखमी झाली, हेही तितकंच खरं. जमीन मिळाली नाही, आश्वासनं पुरी झाली नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. एखाद्याला आयुष्यभराचा वळसा घ्यायला लावायचा, तर त्याच्या दुसऱ्या टोकाला ठरलेलं ठिकाण तरी असायला हवं.

धारगडचं गाव उठलं, महादेव तिथेच राहिला. श्रावणात सोमवारी तिथे यात्रा भरते आणि एरवी बंद असलेल्या जंगलातून हजारो भाविक जातात. त्यांच्यात त्या गावचे जुने रहिवासीही असतील. आपल्याच गावात वर्षातून एकदा भाविक म्हणून जायचं, याला काय म्हणावं ते मला सुचत नाही.

परतवाड्याच्या पुढे घाट लागला तसे आम्ही परत पर्यटक झालो. सागाची पानं गळायला लागलेली, खाली सिपना, कोलकासजवळ गव्यांचा कळप. सहा-सात जण रस्त्यावरच उभे. आम्ही गाडी बंद करून बसलो. मोठा नर आमच्याकडे बघत राहिला, कंटाळल्यासारखा, आणि मग सगळे सावकाश उतारावर गेले. वाघ दिसला नाही. (पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात, म्हणून सांगून टाकलं.)

याच रस्त्याने धारणीचा माणूस अमरावतीला जातो. सुमारे दीडशे किलोमीटर, त्यातला मोठा भाग घाटाचा. मेळघाटातले बालमृत्यू १९९३ पासून बातम्यांत आहेत. बैरागडला आयुष्य घालवणाऱ्या डॉ. रवींद्र आणि स्मिता कोल्हे यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी ती बातमी फॉरवर्ड केली. कमी वजनाचं बाळ घेऊन रात्री निघालेली रुग्णवाहिका, आमची गाणी लावलेली गाडी आणि रस्ता ओलांडणारा गवा, तिघांना हाच रस्ता हवा आहे. रस्ता रुंद करा म्हटलं तर गाड्या सुसाट, जनावरं चिरडणार. बंद करा म्हटलं तर बाळ.

कर्नाटकात बंडीपूरच्या जंगलातून जाणारा महामार्ग २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो. रुग्णवाहिका आणि मोजक्या बसना परवानगी आहे. वायनाडच्या लोकांनी त्याविरुद्ध मोठी आंदोलनं केली, आणि त्यांचा राग समजण्यासारखा आहे. आपल्या पेंचमध्ये दुसरा उपाय केला: नागपूर-जबलपूर महामार्ग जनावरांच्या वाटेवर उचलून घेतला. खालून वाघ, रानकुत्रे, चितळ जातात, कॅमेऱ्यांत तसे फोटो आलेत. तिथे वळसा ना माणसाने घेतला ना वाघाने, तो पैशाने घेतला. पण तो राष्ट्रीय महामार्ग होता. सेमाडोहच्या घाटासाठी तेवढे पैसे कोण काढणार?

हे सगळं मी गाडीत बडबडत होतो, तेव्हा मागच्या सीटवरचा मित्र म्हणाला, “एका गाडीनं काय फरक पडते रे बाप्पा? आपण नाही आलो तं दुसरं कोनी येईनच.” हा युक्तिवाद मला वाटतो त्यापेक्षा भक्कम आहे. खरंच, आमची गाडी वजा केली तर मेळघाटात काही बदलत नाही. पण धुळघाटची गाडी आणि धारगडचं गाव वजा करतानाही हाच हिशेब झाला होता. एक गाव फार छोटं, एक गाडी फार किरकोळ. एकेकट्याचं वजन शून्य धरायची सवय दोन्हीकडे सारखीच आहे. फरक एवढाच की आमच्या बाबतीत शून्य धरलं की आम्हाला मोकळीक मिळते, त्यांच्या बाबतीत शून्य धरलं की त्यांचं काही तरी जातं.

म्हणून मला वळशाचं मोजमाप किलोमीटरमध्ये करायला नको वाटतं. तीस किलोमीटर आम्हाला पडले तर दोन चहा जास्त. बाळंतिणीला पडले तर सगळंच. ज्याला वळसा सर्वांत स्वस्त पडतो त्याच्याकडे तो आधी मागायचा. आधी सहलीची गाडी, मग मालाचा ट्रक, मग रेल्वे, आणि घर उठवायला सांगायचं ते अगदी शेवटी. घडतं मात्र बरोबर उलट. पहिलं उठतं ते गाव, कारण ते लहान असतं आणि त्याच्याकडे सोडण्यासारखं फार काही नाही असं आपण धरून चालतो. पर्यटकाला संध्याकाळी सहानंतर या घाटात येऊ नका म्हटलं, तर हॉटेलवाल्यांपासून रील्सवाल्यांपर्यंत किती ओरड होईल, कल्पना करून बघा. मी असा नियम आनंदाने पाळेन. नियम नसताना पाळेन का? त्या दिवशी चिखलदऱ्याला आम्ही उजेडात पोचलो, पण ते भूक लागली होती म्हणून.

चिखलदऱ्यात गर्दी होती. कॉफी बरी होती. तिथून सालबर्डी.

सालबर्डी अर्धं अमरावतीत, अर्धं मध्य प्रदेशातल्या बैतूलमध्ये. महादेवाची गुहा, महाशिवरात्रीला दोन्ही राज्यांतली जत्रा, आणि नदीकाठचे झरे. इथे ज्वालामुखी वगैरे काही नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी गाविलगडचा मोठा भूभ्रंश जातो. पावसाचं पाणी अशा भेगांतून खोल मुरतं, खालच्या उष्णतेने तापतं (एक किलोमीटर खोल गेलं की साधारण पंचवीस-तीस अंश वाढतात) आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. या परिसरातल्या खडकांत डायनोसॉरची अंडीही सापडली आहेत. पाणी कढत नव्हतं, थंडीत अंघोळीला काढावं तसं होतं.

आम्ही पाय सोडून बसलो. शेजारी पलीकडच्या एका गावाहून चालत आलेल्या दोन बाया होत्या, कपडे धुऊन झालेले. एकीने विचारलं, कुठून आले? अकोला म्हटलं. कोणत्या रस्त्यानं? आम्ही पोपटखेड, घटांग, सेमाडोह, हरिसाल, चिखलदरा असं सगळं सांगितलं. तिने दुसरीकडे बघितलं आणि म्हणाली, “एवढं फिरून? काम काय होतं?”

चौघांपैकी कुणाला लगेच उत्तर देता आलं नाही.