ओट्यावर कोण?

अमरावतीत किंवा अकोल्यात आपण मोठ्या दुकानात जातो, हवी ती वस्तू हातात घेऊन पाहतो, छापील किंमत वाचतो. काहीच न घेता बाहेर पडलो तरी कोणी हटकत नाही. आपल्याला यात विशेष वाटत नाही. आपल्या आजोबांना मात्र वाटले असते.

त्या काळी दुकानदार ओट्यावर बसे आणि गिऱ्हाईक खाली उभे राही. भाव बहुधा माणूस पाहून सांगितला जाई. कित्येक हॉटेलांत दलितांचा कप वेगळा असे. चहा पिऊन तो त्यांनीच धुऊन ठेवायचा.

पॅरिसमध्ये आरिस्तिद बुसिको यांनी १८५२ पासून ‘बाँ मार्शे’ या दुकानात सर्वांना एकच ठरलेली किंमत लावली. आपल्याकडे मात्र निव्वळ व्यापाराने दार उघडले नसते. त्यासाठी संविधानाचे १५ वे कलम लागले. दुकान, उपाहारगृह, हॉटेल यांत जातिधर्मावरून कोणालाही मज्जाव करता येणार नाही, असे ते सांगते. दुकान म्हणजे जिथे सेवा दिली जाते अशी कोणतीही जागा, असा व्यापक अर्थ डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत १९४८ साली स्पष्ट केला. अमरावती जिल्ह्यातील पापळचे डॉ. पंजाबराव देशमुखही त्या सभेचे सदस्य होते.

काहीजण म्हणतात, “जुना किराणावाला बरा होता. कापूस घरात येईपर्यंत वहीवर उधार देई, घरच्या आजाऱ्याची चौकशी करी.” हे खरे आहे. पण ती माया त्याच्या मर्जीवर होती, ती हक्काने मागता येत नव्हती. म्हणून आपुलकी आणि समान वागणूक यांत निवड करायची झाली, तर समान वागणूक आधी.

पण ती फक्त गिऱ्हाइकालाच का? दुकानात दिवसभर उभी असणारी मुलगी आपल्याला साड्या उलगडून दाखवते. आपण तिच्याकडे पाहतही नाही. हॉटेलात वडिलांच्या वयाच्या माणसाला आपण “ए पोऱ्या, पाणी आण” म्हणतो. वेगळा कप गेला, पण ही हाक राहिली.

प्रिय वाचकहो, एकेकाळी ओट्याखाली उभे राहिलेल्यांचीच आपण नातवंडे. आज पैसे आपल्या खिशात आहेत, म्हणून ओट्यावर आपण बसलो नाही ना? पुढच्या वेळी चहा मागवताना एवढे मनाला विचारू या.